गोष्ट मधेच गप्प होते, नाहीतर मेलेला माणूस टाळ्या वाजवतो

“मामा, अम्मण तर १२६६ लाच देवीच्या साथीत गेला. मग हा नाच बघायला बसलाय तो कोण?”

भाच्याने एवढं विचारलं आणि मी चहा तसाच ठेवून त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर देवगिरीचा दरबार, समोर सोंगं घेतलेली नाटकमंडळी आणि डाव्या बाजूला अम्मणाचं चित्र. त्याला जाऊन खेळातली पाच वर्षं उलटली होती. गडी मात्र मजेत बसला होता.

हा बिघाड मी याच मॉडमध्ये (म्हणजे संगणकावरच्या खेळात आम्ही घातलेल्या भरीत) चार वेळा दुरुस्त केलाय. दर वेळी जागा वेगळी, आणि दर वेळी वाटलं की आता संपलं. ऐतिहासिक खेळांसाठी फाट्याफाट्यांची गोष्ट लिहिणाऱ्या इतरांच्या फाइली बघायला मिळाल्या तेव्हा तिथेही हेच दिसलं. एक तर मालिका पाचव्या इव्हेंटनंतर (गोष्टीतल्या एकेका प्रसंगाला इव्हेंट म्हणतात) गप्प होते, नाहीतर मेलेली, कैदेतली, दुसऱ्याच राज्यात नांदायला गेलेली माणसं येऊन बोलायला लागतात. ही दोन दुखणी वेगळी वाटतात, पण मूळ एकच आहे.

आधी मॉड कशाचा ते सांगतो, म्हणजे पुढची उदाहरणं कळतील. खेळ क्रुसेडर किंग्ज ३, विषय देवगिरीचे यादव. देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी आमच्या सिन्नरला होती, नाशिकहून तीसेक किलोमीटरवर. लहानपणी पुण्याला जाताना वडील दर वेळी गोंदेश्वरापाशी गाडी थांबवायचे. हे खूळ तिथूनच डोक्यात शिरलं. १२६१ मध्ये राजा कृष्ण वारला. त्याचा मुलगा रामचंद्र असतानाही गादीवर बसला कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव. १२७१ च्या सुमारास महादेव गेला आणि त्याचा मुलगा अम्मण राजा झाला. मग रामचंद्र आणि त्याची माणसं नाटक्यांचं सोंग घेऊन किल्ल्यात शिरली आणि खेळ रंगात आलेला असताना त्यांनी अम्मणाला धरलं. पुढे अम्मणाचं काय केलं यावर साधनांचं एकमत नाही. गोष्ट लिहिणाऱ्याला याहून चांगला फाटा कुठे मिळणार? खेळाच्या स्वतःच्या सुरुवाती ८६७, १०६६ आणि ११७८ च्या आहेत, म्हणून १२६१ ची सुरुवात आणि दख्खनच्या गाद्यांची तेव्हाची मांडणी हाताने घालावी लागली.

कंटाळवाणी कारणं दहा मिनिटांत बाजूला काढा

मालिका थांबली की लगेच कथानकावर संशय घेऊ नका. डॉक्युमेंट्समधल्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हच्या फोल्डरमध्ये खेळाचं फोल्डर असतं, त्यात लॉग्ज, आणि तिथे एरर लॉग. तो उघडा आणि आपल्या नेमस्पेसचं (आपल्या सगळ्या इव्हेंटांच्या आडनावाचं) नाव शोधा. महिरपी कंस एक कमी पडला की त्याच्या खालचे सगळे इव्हेंट हवेत विरतात. मजकुराच्या जागी नुसता इव्हेंटचा क्रमांक आणि टिंब-डेस्क असं काही दिसत असेल तर कथानकाचा दोष नाही. लोकलायझेशनची (पडद्यावरच्या मजकुराची) फाइल यूटीएफ-८ बॉमसकट, म्हणजे सुरुवातीच्या अदृश्य खुणेसकट, साठवलेली नाही, किंवा पहिल्या ओळीतलं भाषेचं नाव चुकलंय. मालिकेची सुरुवातच होत नसेल आणि तुम्ही ती वार्षिक पल्सला (खेळ दर वर्षी देतो त्या ठोक्याला) जोडली असेल, तर खेळाच्या मूळ ऑन-अ‍ॅक्शनचा (अमुक घडलं की काय चालवायचं त्या यादीचा) इफेक्ट ब्लॉक पुन्हा लिहिला नाहीये ना ते बघा. एकाच नावाचे दोन ब्लॉक झाले की एकच चालतो. आपली वेगळी ऑन-अ‍ॅक्शन करून ती मूळ यादीला जोडायची असते.

डीबग मोडमध्ये खेळ सुरू करून कन्सोलवरून (आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून) इव्हेंट उघडून बघणं चांगलं, पण त्यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवलीये. सहावा इव्हेंट कन्सोलवरून उघडला तर पहिल्या पाचांनी साठवलेले स्कोप (गोष्टीत कोण म्हणजे कुठला माणूस याच्या नोंदी) त्याच्याजवळ नसतात. तो मोडका दिसणारच. त्यामुळे तपासायचं तर पहिल्यापासून चालत या, किंवा नुसत्या तपासणीसाठी एक इव्हेंट लिहून त्यातच सगळे स्कोप भरा.

खरा बिघाड

मी अंबडला सीएनसीवर (प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर) काम करतो. प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, सहा नंबरचं टूल घे. टरेटवर (टूलं बसवायच्या फिरत्या चकतीवर) सहा नंबरला टूल आहे की नाही हे मशीन स्वतःहून विचारत नाही. आपणच सेटिंगच्या वेळी बघायचं असतं. इव्हेंटच्या मालिकेचंही तसंच. ट्रिगर इव्हेंटला (पुढचा इव्हेंट पाठवणाऱ्या आज्ञेला) तुम्ही तीन वर्षांची मुदत देता. लिहिताना मनात सगळे जिवंत असतात, तरणे असतात, आपापल्या जागी असतात. पण या खेळात तीन वर्षांत काय होत नाही! साथ येते, घोड्यावरून माणूस पडतो, कुणी वेडा होतो, कुणाला शेजारचा राजा पकडून नेतो.

मग होतं काय, तर पुढचा इव्हेंट ज्याच्या नावावर पाठवलाय तोच मेला असेल तर तो येतच नाही. ना चूक दाखवत, ना लॉगमध्ये ओळ पडते. गोष्ट गप्प होते. आणि इव्हेंट दुसऱ्या कुणाच्या नावावर असून मेलेला माणूस नुसता त्यात साठवलेला स्कोप असेल, तर इव्हेंट बिनधास्त येतो, कारण मेलेल्या माणसाची नोंद खेळात असतेच. भूत बोलतं. लक्षणावरून जागा ओळखता येते ती अशी: गप्प झाली तर इव्हेंटचा धनी बघा, भूत आलं तर पाहुणे बघा. इव्हेंटच्या वरच्या ट्रिगरमध्ये अट घालून ती फसली तरीही शांतताच, फक्त तिथे ऑन ट्रिगर फेल (अट फसली तर काय करायचं) हा ब्लॉक लिहायची सोय आहे. फार थोडे लोक ती वापरतात.

पहिली मलमपट्टी सगळेच करतात: प्रत्येक ठिकाणी ‘जिवंत आहे का’ ही अट. मीही केली. त्याने भुतं गेली, पण गोष्ट जास्तच वेळा गप्प व्हायला लागली. नुसतं बिघाडाचं एक रूप काढून दुसरं बसवलं.

खोट कथानकाच्या रचनेत आहे. आपण गोष्ट अम्मण या माणसावर टांगतो, आणि खेळ माणसं टिकवण्याची हमी देत नाही. नाशिककरांना सांगायला सोपं आहे. धुलिवंदनाला दाजीबा वीर निघतो. नवरदेवाचा साज, बाशिंग, वाजतगाजत मिरवणूक, नवस बोलणारे लोक. आज साज कुणाच्या अंगावर आहे यावरून कोणी परत फिरत नाही. वीर ठरलेला असतो, साज चढवणारा माणूस बदलू शकतो. गोष्ट लिहिताना आधी साज शिवायचा आणि मग तो कुणाला बसतो ते बघायचं.

माझ्या गोष्टीत असे तीनच साज निघाले: गादीवर बसलेला चुलत घराण्यातला राजा, डावललेला दावेदार, आणि दोघांच्याही दारात ये-जा असलेला कारभारी. इतिहासात ते अम्मण, रामचंद्र आणि हेमाद्री. खेळात कुणीही असू देत.

सूत्रधार नेमा

या कामाला क्रुसेडर किंग्ज ३ मध्ये स्टोरी सायकल आहे. कॉमन फोल्डरमध्ये तिची वेगळी जागा असते. बरेच जण तिला घाबरतात आणि सगळं ट्रिगर इव्हेंटच्या साखळीवर उरकतात. साखळीत प्रत्येक कडी पुढच्या कडीला हाक मारते. एक कडी तुटली की संपलं. स्टोरी सायकलमध्ये कड्यांना एकमेकींचं काही माहीत नसतं. सूत्रधार दर काही महिन्यांनी रंगमंचाकडे बघतो, कोण हजर आहे ते मोजतो आणि ठरवतो की आता कुठला प्रवेश लावायचा.

मी काय केलं ते सांगतो. गोष्ट सुरू होताना स्टोरीवरच तीन व्हेरिएबल (नाव दिलेले कप्पे) ठेवली: राजा, दावेदार, कारभारी. माणसांवर फ्लॅग (खुणेच्या चिठ्ठ्या) चिकटवले नाहीत, कारण माणसाबरोबर त्याच्या अंगावरचे फ्लॅगही वर जातात. दर सहा महिन्यांनी स्टोरी बघते की राजा जिवंत आहे का, अजून गादीवर आहे का, दावेदार मोकळा आहे की कैदेत, सज्ञान आहे का, कारभारी शुद्धीवर आहे का. जागा रिकामी असेल तर ती भरायचा प्रयत्न करते. अम्मण बापाच्या आधी गेला, तर महादेवाचा दुसरा मुलगा त्या साजात. हेमाद्री गेला, तर त्याच दरबारात ज्याची बुद्धी चांगली आणि जो राजाचा सल्लागार आहे तो. मजकुरात नावं कुठेच थेट लिहिलेली नाहीत. ती व्हेरिएबलमधून येतात.

जागा भरताच आली नाही तर? इथे बहुतेकांची फाइल संपते, आणि मला वाटतं खरी मजा इथेच आहे. महादेवाला दुसरा मुलगाच नाही, म्हणून रामचंद्राला गादी सरळ मिळाली. मग सोंग कशाला हवं? पण नाटकमंडळीची जमवाजमव तर झालीये. त्यासाठी मी एकच छोटा इव्हेंट लिहिला: मंडळी वेशीशी येऊन थांबलीत, त्यांचा म्होरक्या विचारतोय की आता खेळ करायचा की परत जायचं. ठेवून घेतलं तर दरबारात एक चांगला हेर मिळतो. परत पाठवलं तर त्यातला एक जण पुढे भलत्याच्या दारात हा कट सांगत फिरतो. भाच्याला अख्ख्या मॉडमधला हाच प्रवेश सगळ्यात आवडतो. कटाच्या मुख्य प्रवेशावर मी दोन महिने घालवलेत, त्याबद्दल अवाक्षर नाही.

स्टोरीचा मालक मेल्यावर काय, हा ब्लॉक रिकामा सोडू नका. एक तर गोष्ट रीतसर संपवा, नाहीतर मालकी वारसाकडे द्या. देताना स्वतःला विचारा की हे वैर वारशाने जाण्यासारखं आहे का. गादीचं वैर जातं. रामचंद्राचं हेमाद्रीशी असलेलं खासगी वैर जात नाही. मालकी वारसाकडे गेली की मजकूरही बदलायला हवा: ‘तुमची गादी’ ऐवजी ‘तुमच्या वडिलांना नाकारलेली गादी’. त्यासाठी नवा इव्हेंट नको. वर्णनातच फर्स्ट व्हॅलिड लावून दोन मजकूर ठेवा, जो आधी लागू पडेल तो दिसतो.

मारून बघा

दुरुस्ती झाली की नाही हे खेळून कळत नाही, कारण सगळं सुरळीत गेलं तर बिघाड दिसतच नाही. मुद्दाम माणसं मारावी लागतात. आम्ही वहीत तक्ता आखला. आडवी माणसं पाच, उभे इव्हेंट अकरा, म्हणजे पंचावन्न घरं. प्रत्येक घरात: हा इव्हेंट यायच्या आदल्या दिवशी हा माणूस कन्सोलवरून मारला तर काय होतं? बरोबर चाललं तर टिक, गप्प झालं तर शून्य, भूत आलं तर फुली. दोन रविवार गेले, मधे एकदा मिसळ. पहिल्या फेरीत एकोणीस शून्यं आणि सात फुल्या होत्या. हे सगळं ‘जिवंत आहे का’ची मलमपट्टी करून झाल्यानंतर! सूत्रधार नेमल्यावर दोन शून्यं उरली, आणि दोन्ही कैदेच्या अटीतली होती.

मारण्याबरोबर कैद आणि लग्न हेही करून बघा. लग्न होऊन परक्या दरबारात गेलेली बहीण अजून आपल्या स्वयंपाकघरात कुजबुजतेय, हा बिघाड मरणाच्या अटीने पकडला जात नाही.

‘काहीही निवडा, तेच होतं’

दुसरी नेहमीची तक्रार ही. खेळणाऱ्याने अम्मणाला कैदेत टाकलं काय, डोळे काढले काय, मारून टाकलं काय, तीन इव्हेंटनंतर तीच गोष्ट. तपासायला सोपं आहे. जिथे जिथे तुम्ही फ्लॅग किंवा व्हेरिएबल लावलंय त्या प्रत्येकाचं नाव सगळ्या फोल्डरमध्ये शोधा. एकदाच सापडलं तर ते लावलंय, पण वाचत कुणीच नाही. माझ्याकडे चौदा होते. वाचणारे पाच.

असं का होतं, तर झाड वाढवायला गेलं की हिशेब अंगावर येतो. दर वळणाला दोन वाटा आणि अशी पाच वळणं धरली तर शेवट बत्तीस, आणि वळणाचे इव्हेंट एकतीस लिहावे लागतात. रविवारी लिहिणारा माणूस तिसऱ्या वळणावर दमतो आणि सगळ्या वाटा गुपचूप एका रस्त्याला आणून सोडतो. मी कुणाला दोष देत नाही, मीही सोडल्यात.

त्यापेक्षा वाटा कमी ठेवा आणि माणसाच्या मनात काय साठलंय ते जपा. हेमाद्रीचंच बघा. महादेवाच्या दरबारात श्रीकरणाधिप (राज्याच्या दप्तराचा प्रमुख) असलेला हा माणूस रामचंद्राच्या राज्यातही त्याच मानाने राहिला. मधे रक्त सांडलं, राजा बदलला, कारभारी तोच. का? तो कटात होता, की त्याच्यावाचून कुणाचं चालणारच नव्हतं? मॉडमध्ये मी त्याच्याबद्दल तीनच गोष्टी साठवतो: त्याला कटाची कुणकुण होती का, त्याच्यावर उपकार कुणाचे आहेत, आणि अम्मणाचं जे झालं ते त्याने डोळ्यांनी बघितलं का. पुढे वीस वर्षांत त्याचे जे काही इव्हेंट येतात ते या तिन्हींकडे बघून बोलतात. इव्हेंट एक, मजकूर चार, पर्याय कधी दोन कधी तीन. झाड वाढत नाही, तरी खेळणाऱ्याला वाटतं की या माणसाच्या सगळं लक्षात आहे. डोळे काढलेला अम्मण मी जिवंत ठेवतो, आणि हेमाद्री वर्षातून एकदा त्याला भेटायला जातो. बास, एवढंच. तो इव्हेंट काही देत नाही आणि घेतही नाही, पण ज्याने ते डोळे काढवले तो खेळाडू तिथे जरा थांबतो.

निवडीचा परिणाम लगेच देऊ नका, बाहेरून परत येऊ द्या. याचं अस्सल उदाहरण यादवांच्याच घरात आहे. जैतुगीने काकतीयांना हरवलं, त्यांचा गणपती त्याच्या कैदेत होता. ११९९ च्या सुमारास त्याने त्याला सोडलं आणि वारंगळच्या गादीवर बसवलं. त्या गणपतीने पुढे सहा दशकांच्या आसपास राज्य केलं. कैद्याला सोडायचं की नाही हा एका इव्हेंटचा प्रश्न, पण त्याचं उत्तर शेजारच्या नकाशावर तुमच्या नातवालाही दिसत राहतं. असा एक फाटा खोट्या दहा फाट्यांना भारी आहे.

संगणकाचे राजे वेड्यासारखे निवडतात

हे थोडक्यात. एआय चान्समध्ये (संगणकाने कुठला पर्याय निवडायची शक्यता किती, हे लिहितात तिथे) बेस शून्य ठेवून खाली फॅक्टरने गुणत असाल तर कितीही गुणलं तरी शून्यच. तिथे अ‍ॅड वापरा. दयाळू स्वभावाच्या राजाने सर्रास डोळे काढू नयेत असं वाटत असेल तर पर्याय बंद करू नका, त्याला ताण द्या. खेळाडूलाही तोच ताण बसतो, आणि मग निवड त्याच्या स्वभावाशी भांडते. पर्यायच दिसला नाही तर भांडण कुठलं?

युरोपा ४ वाल्यांसाठी

माझा एक मित्र पेशवाईवर लिहितो, कारण १४४४ ते १८२१ हा पट्टा युरोपा युनिव्हर्सालिस ४ या खेळाचा. त्याचं घर आनंदवल्लीजवळ, राघोबादादा राहायचे तिथेच, त्यामुळे ते त्याला शेजारीच वाटतात. त्याचं दुखणं निराळं. त्या खेळात माणूस म्हणजे राजा, वारस, राणी, सेनापती किंवा सल्लागार. यातला कुणीच नसलेला काका तिथे अस्तित्वातच नसतो. त्याने राघोबांची गोष्ट नुसत्या देशाच्या फ्लॅगवर चालवली होती, त्यामुळे १७६८ च्या धोडपच्या लढाईत राघोबा हरल्याचा इव्हेंट यायचा, पण नकाशावर राघोबा नावाचं कुणी नव्हतंच. आता त्याने त्यांना नावासकट सेनापती केलंय. इव्हेंटच्या आधी तो सेनापती आहे का ते तपासतो, आणि नसेल तर सेनापतीविना भाऊबंदकीची वेगळी, लहान मालिका लावतो. धोडप आपल्याच जिल्ह्यातला म्हणून त्या लढाईला त्याने चार पर्याय दिलेत. दोन पुरले असते, पण त्याला कोण सांगणार?

गेल्या रविवारी भाच्याने नवी फेरी लावली. या वेळी महादेव मरायचं नावच घेईना, १२८३ पर्यंत जगला. जुन्या फाइलीत एव्हाना नाटकमंडळी जिवंत राजासमोर येऊन त्याच्या मुलाला पकडून गेली असती. आता सूत्रधार बारा वर्षं निमूट बसून राहिला. रामचंद्र म्हातारा व्हायला लागला, कटातले अर्धे लोक गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. महादेव गेला त्या पावसाळ्यात मंडळी वेशीत शिरली.

हेमाद्रीचं एक राहिलंय. कैदेतल्या अम्मणाला भेटायला जाण्याच्या इव्हेंटमध्ये, हेमाद्री स्वतःच कैदेत असेल तर तो कैदेतून कैदेत भेटायला जातो. भाचा म्हणतो राहू दे, छान वाटतंय.